गृहकृत्यदक्ष चौदा

"गृहकृत्यदक्ष टाक," आत्या म्हणाली.

"कुठे टाकू?"

"त्या चौकोनात. युजरनेम लिहिलंय ना तिथं? तेवढं इंग्रजी येतं मला."

कराडच्या दत्त चौकाजवळच्या सायबर कॅफेत आम्ही बसलो होतो. पडदा लावलेल्या त्या खोपटात एका माणसाची सोय होती. खुर्चीत मी होते, स्टुलावर आत्या होती आणि बाबा पडद्याबाहेर उभे राहून दर दोन मिनिटांनी "झालं का गं?" म्हणून विचारत होते. लग्नं जमवणाऱ्या एका वेबसाइटवर माझं नाव नोंदवायचं चाललं होतं.

"आत्या, मला धड वरणाला फोडणी देता येत नाही."

"येईल. नाव आधी ठेवायचं असतं, माणूस मागाहून त्याला पुरा पडतो. तुला पाळण्यात घातली तेव्हा तू काय केतकीसारखी घमघमत होतीस? कसला वास येत होता ते मला विचार."

बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं ही रीत सगळीकडेच आहे. पण इतर घरांत बारसं झालं की आत्या आपल्या घरी जाते. आमची काही गेली नाही. तिचं सासर दोन गल्ल्या पलीकडे, काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. त्यामुळे दिवसाचे बारा तास ती आमच्याकडे. आम्हा सगळ्या भावंडांची नावं तिनं ठेवली, बाबांच्या दुकानाचं नाव तिनं ठेवलं, कुत्र्याचं ठेवलं, आणि बाबांनी स्कूटर घेतली तेव्हा नंबरप्लेटखाली 'पवनपुत्र' असं तिनंच रंगवून घेतलं. ती स्कूटर उतारालासुद्धा ढकलावी लागायची. बाबा तिला अक्का म्हणायचे, आम्ही आत्या, आणि गल्लीला ती शकुंतलाबाई. तिच्यापुढे बोलायची कोणाची बिशाद नव्हती.

मी टाइप केलं. लाल अक्षरांत उत्तर आलं की हे नाव आधीच घेतलेलं आहे. मग साइटनं स्वतःहूनच गृहकृत्यदक्ष चौदा असं सुचवलं.

"म्हणजे माझ्या आधी तेरा जणी आहेत," मी म्हटलं.

"बघ! केवढी मागणी आहे," आत्या म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवून तिनं बटण दाबलं.

मी सव्वीस वर्षांची होते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. उसाच्या रसात साखर किती, हे दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांपर्यंत सांगायचे. घरी मात्र आमटीत मीठ पडलंय की नाही ते कळायचं नाही. लग्नाला माझी ना नव्हती. भीती होती ती त्या नावाची. त्या नावावर विश्वास ठेवून एखादा भला माणूस येणार, आणि मग मी जन्मभर चौदा नंबरची गृहकृत्यदक्ष बाई होऊन पुरणं वाटत बसणार. मला असा एक तरी माणूस हवा होता, ज्याच्यासमोर मी जशी आहे तशी बसू शकेन. एवढंच. पण एवढंच कोणाला सांगायची सोय नव्हती.

पुढचे काही महिने दर रविवारी आम्ही कॅफेत जायचो आणि आत्या मुलांची युजरनेमं वाचायची. फोटो, शिक्षण, नोकरी यांकडे ती ढुंकून बघत नसे.

"ते सगळं आईबापांनी लिहिलेलं असतं," ती म्हणायची. "नाव बघायचं. नावात माणूस सापडतो. हा बघ, सिंपल बॉय. जो साधा असतो त्याला आपण साधे आहोत हे माहीत नसतं. पुढं. हा राजामाणूस. म्हणजे पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यावा लागणार. पुढं."

"हा चांगला वाटतोय."

"नावात मोबाईल नंबर घातलाय गं त्यानं. उतावळा आहे. साखरपुड्याच्या दिवशीच बारशाची तारीख काढेल. पुढं."

एकानं स्वतःला निर्व्यसनी म्हटलं होतं. आत्या त्या शब्दाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कोणी विचारलं होतं याला?" पुढं.

"आणि माझं नाव वाचून लोक काय म्हणत असतील?" मी विचारलं.

"तुझं नाव तू थोडंच ठेवलंयस? ते मी ठेवलंय."

अशा त्या गर्दीत एका रविवारी पडद्यावर तो आला. युजरनेम होतं, 'तिरसट'. पुढे आकडा नाही, काही नाही. तिरसट उन्मेष टिळेकर, गाव सांगली, जनावरांचे डॉक्टर.

आत्यानं चष्मा पुसला. "तिरसट? लग्नाच्या बाजारात उभा राहून स्वतःला तिरसट म्हणवतो? मग घरात काय म्हणत असतील? पुढं."

पण मी मनानं पुढे गेलेच नाही. इतक्या राजामाणसांत आणि सिंपल बॉयांत स्वतःबद्दल वाईट बोलणारा हा एकच. मला वाटलं, हा खरं बोलत असणार. याला आमटी आवडली नाही तर हा सांगेल, मला येत नाही हे मीही सांगेन, आणि विषय मिटेल. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना मी एकटीच कॅफेत गेले आणि त्याला निरोप पाठवून दिला. लिहिलं, 'भेटायला आवडेल.' आयुष्यात आत्याला न विचारता केलेलं ते माझं पहिलं काम.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'रविवारी येतो. पोहे करू नयेत. चहा चालेल.'

मी ते तीनदा वाचलं. काय ठसका होता! मुलगी बघायला येणारा मराठी पुरुष पोहे नकोत म्हणून आधी कळवतो! मी प्रेमातच पडले म्हणा ना.

घरी सांगावं लागलं. आई देवापुढे जाऊन बसली. बाबा आत्याकडे बघू लागले. आत्या ओरडेल असं वाटलं होतं, पण ती हाताची घडी घालून म्हणाली, "येऊ दे. किती तिरसट आहे ते एकदा डोळ्यांनी बघू. तपासल्याशिवाय कळायचं नाही."

रविवारी सकाळपासून आत्यानं तयारी केली. एक पाय आखूड असलेली खुर्ची माळ्यावरून काढून पंख्यापासून लांब ठेवली. चहात साखर अजिबात घालायची नाही असं आईला बजावलं. बाबांना काम दिलं की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा. शिवाय पोहे करायचेच. "नको म्हटलेलं समोर आलं की खरा माणूस बाहेर पडतो," ती म्हणाली.

उन्मेष आला तो त्याच्या आत्याला घेऊन. साठीच्या, अंगानं भक्कम, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांना सगळी सांगली बेबीआत्या म्हणते, असं त्यांनी उंबऱ्यातच सांगून टाकलं. उन्मेषचे आईवडील थकलेले, त्यामुळे सगळा कारभार यांच्याकडे. दोन्ही आत्यांनी एकमेकींना नमस्कार केला. बाबांनी पुढे होऊन उन्मेषला त्या खुर्चीत बसवलं.

खुर्ची डावीकडे कलली. तोही जरा डावीकडे कलला आणि तसाच बसला.

"गाव कोणतं म्हणालात?" बाबांनी विचारलं.

"सांगली."

"असं होय. आणि गाव?"

"सांगलीच."

"वा वा. मूळचे कुठले?"

"मूळचेही सांगलीचेच," तो म्हणाला. आवाज इतका मऊ, की बाबांनाच अपराध्यासारखं झालं. पुढे मला कळलं की लाथ मारण्याच्या बेतात असलेल्या म्हशीशी तो याच आवाजात बोलतो.

इकडे बेबीआत्यांची तपासणी सुरू झाली होती. शोकेसच्या फळीवरून बोट फिरवून त्यांनी ते निरखलं. मग माझ्याकडे वळल्या. "साबुदाणा किती वेळ भिजवता तुम्ही?"

"ते तापमानावर आहे," मी म्हटलं.

"कशाच्या?"

"पाण्याच्या. आणि... खोलीच्या."

बेबीआत्यांनी आत्याकडे बघितलं. आत्यानं लगेच म्हटलं, "शास्त्रशुद्ध करते ती सगळं."

पोहे आले. आत्यानं त्यात तिखट हात सैल सोडून घातलं होतं. बेबीआत्यांनी बशीला हातही लावला नाही. उन्मेषनं पहिला घास घेतला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं सगळी बशी संपवली. वर "छान झालेत" म्हणाला. चहाचा घोट घेतला. साखर नाही. त्यानं कप रिकामा केला आणि बशीवर अलगद उपडा ठेवला.

आत्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग समाधान पसरत गेलं. माझी मात्र निराशा झाली. हा कसला तिरसट? हा तर सगळ्याला हो म्हणणारा निघाला. उद्या मी उकडलेले दगड वाढले तरी छान झालेत म्हणेल, आणि मला आयुष्यभर कळायचं नाही की हा काय विचार करतोय.

"दोघांना बोलू द्या जरा," बाबा म्हणाले. आम्ही गच्चीवर गेलो. आईनं वाळत घातलेल्या कुरडयांच्या दोन बाजूंना आम्ही उभे राहिलो. मी रागातच होते.

"तुम्ही तिरसट नाही आहात," मी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. "सॉरी."

"मग ते नाव?"

"ते बेबीआत्याचं. माझं एक लग्न ठरून मोडलं होतं. तिचं म्हणणं, नजर लागली. पूर्वी नाही का, मूल जगावं म्हणून दगडू, धोंडू अशी नावं ठेवायचे? तसंच. साइटवर तिनं आधी दगडू घालून पाहिलं. ते कोणीतरी घेतलेलं होतं. धोंडू पण गेलेला, कचरू पण. तिरसट तेवढं रिकामं मिळालं."

मी कठड्याला टेकले. "आणि ते उत्तर? पोहे करू नयेत?"

"बेबीआत्याला पित्त आहे. पोह्यानं वाढतं. तिनंच लिहिलं. मला तर काल रात्री कळलं की रविवारी कराडला जायचंय."

म्हणजे मी जिच्या प्रेमात पडले होते, ती बेबीआत्या होती.

मला हसू आवरेना. तो आधी गोंधळला, मग तोही हसू लागला. हसता हसता मी सांगून टाकलं की गृहकृत्यदक्ष हे माझ्या आत्याचं, मला स्वयंपाक येत नाही, शिकायची हौसही नाही, पोहे मी केलेले नाहीत, आणि शोकेस काल रात्री बाबांनी पुसलीय.

"बरं झालं," तो म्हणाला. "त्या नावाची मला धास्ती होती. माझ्या खोलीत गोचिडांच्या बाटल्या असतात. दक्ष बाईला चालल्या नसत्या."

"तुम्हाला पोहे तिखट नाही लागले?"

"जाळ होता नुसता."

"मग बोलला का नाहीत? आणि चहा? साखर नव्हती त्यात."

"ते कळलं मला. पण तुम्ही साखर कारखान्यात आहात असं कळलं होतं. म्हटलं, दिवसभर साखर बघून या घरात सगळ्यांना वीट आला असेल. आणि पोह्यांचं म्हणाल तर तुमच्या आत्या टक लावून बघत होत्या. मला वाटलं, त्यांनी कष्टानं केलेत."

असं कोणी कधी समोरच्याचा विचार करून बिनसाखरेचा चहा पितं, हे मला माहीत नव्हतं. तरी मी शेवटचं विचारलंच. "तुम्हाला कोणी नाव ठेवू दिलं असतं, तर स्वतःचं काय ठेवलं असतंत?"

त्यानं खूप विचार केला. कुरडयांवर एक चिमणी येऊन बसली, ती त्यानं हाकलली.

"काही सुचलं नसतं," तो म्हणाला. "उन्मेषच टाकलं असतं. आहे ते मला पुरतं."

मी खाली आले आणि कोणी विचारायच्या आत "मला पसंत आहे" म्हणून मोकळी झाले. बेबीआत्या म्हणाल्या, "आमच्याकडे असं मुलगी नाही सांगत." आत्या म्हणाली, "आमच्याकडे पण नाही." पण दोघीही खूश होत्या, कारण दोघींची खात्री होती की आपण ठेवलेल्या नावानंच हे जमवून आणलं.

मग सुरू झालं खरं युद्ध. लग्नापर्यंत दोन्ही आत्या फोनवर रोज भांडायच्या. पत्रिकेवर आधी कोणाचं नाव, रुखवतात काय, अंतरपाट कोणी आणायचा. आमची आत्या एकदाही हरली नाही. आणि एका दुपारी बेबीआत्यांचा मला फोन आला.

"तुझं नाव काढलंय हो आम्ही. ऊर्मिला. उन्मेष आणि ऊर्मिला, कानाला किती गोड लागतं! केतकीचं फूल शंकराला चालत नाही, तसलं नाव कशाला?"

मी फोन ठेवला. लग्नात मुलीचं नाव बदलतात हे मला माहीत होतं, पण ते दुसऱ्या मुलींचं. गृहकृत्यदक्ष होता होता मी कशीबशी वाचले होते, आणि आता केतकीही जाणार होती. उन्मेषला विचारावं, तर तो गावोगावी जनावरांना लशी टोचत फिरत होता, फोन लागत नव्हता. मी धावत आत्याकडे गेले. म्हटलं, आत्या आहे ना, ती बघून घेईल.

आत्या शेंगा फोडत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं, आणि शेंगा फोडतच राहिली.

"ते त्यांच्या हातात असतं," ती म्हणाली. "तिथं तुझं माझं चालत नाही."

"तुझं चालत नाही? अंतरपाटावरून आठवडाभर भांडलीस तू!"

"अंतरपाट वेगळा."

"सगळ्या गावाची नावं तू ठेवलीस. कुत्र्याचं ठेवलंस. आणि माझं जायला लागलं तर गप्प बसतेस?"

आत्यानं वर बघितलं नाही. मला तिचा इतका राग आला, की लग्न होईपर्यंत मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

लग्न झालं. लक्ष्मीपूजन कार्यालयातच उरकायचं ठरलं होतं. पाटावर मी आणि उन्मेष, पुढ्यात तांदळाचं ताट, भोवती दोन्हीकडची माणसं. बेबीआत्या पेढ्यांचा पुडा सोडून तयार. भटजींनी उन्मेषच्या हातात अंगठी दिली आणि तांदळात बायकोचं नवं नाव लिहायला सांगितलं.

"ऊर्मिला," बेबीआत्यांनी मागून सांगितलं. "र वर जातो, लक्षात ठेव."

उन्मेषनं अंगठी धरली. मग त्यानं ताट उचललं, माझ्या पुढ्यात ठेवलं आणि अंगठी माझ्या हातात दिली.

"तू लिही," तो म्हणाला. "तुझं आहे."

भटजींनी पोथीत बघितलं, तिथं याबद्दल काही नसावं. तांदूळ सारखे करून मी लिहिलं, 'केतकी'.

"अगं, हे तर जुनंच!" बेबीआत्या म्हणाल्या. "असं कुठं असतं? अहो शकुंतलाबाई, सांगा की तुमच्या मुलीला!"

आत्या गर्दीतून पुढे आली. मी मान खाली घातली. आता ही 'ते त्यांच्या हातात असतं' म्हणणार, आणि मला ते अक्षर माझ्या हातानं पुसावं लागणार, असं वाटलं. आत्या माझ्या पाटाशेजारी गुडघे टेकून बसली.

"बाजूला सरक जरा," ती मला म्हणाली. "जागा आहे अजून त्यात."

तिनं अंगठी घेतली नाही. बोटानंच, माझ्या नावाच्या खाली, शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर नीट काढत लिहिलं, 'मंजुळा'.

"ही कोण आणि?" बेबीआत्यांनी विचारलं.

आम्हा भावंडांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही, आणि पुण्याहून आलेल्या आत्याच्या मुलालाही नाही.

"मी," आत्या म्हणाली. "लग्नाआधी सतरा वर्षं होते."

पेढ्यांचा पुडा बेबीआत्यांच्या हातातच राहिला. भटजी पुढचा विधी करायला ताट उचलू लागले, तेवढ्यात बाबा माणसं सारत मध्ये आले. त्यांना मी याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"राहू द्या," ते म्हणाले. "ताट हलवू नका कोणी."